परिचारिकेची दोन वर्षे हिशेबात का नाहीत?

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी अनुभवाच्या दाखल्यासंबंधी विचारावयास माझ्याकडे आली. मुलगी म्हणावयाचे ते माझ्या वयाच्या मानाने. तिची तिशी उलटली आहे आणि तिचा मुलगा शाळेत जातो. सेवानिवृत्तीनंतर ज्या संस्थेच्या नियामक मंडळावर मी सात वर्षे होतो, त्या संस्थेच्या परिचारिका विद्यालयातून ती सहाय्यक परिचारिका-प्रसविका, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या भाषेत ए. एन. एम., होऊन बाहेर पडली. नंतरची नऊ वर्षे तिने तालुक्याच्या गावी वीस खाटांच्या एका खाजगी रुग्णालयात काढली. आता तिला पुढे शिकावयाचे होते. जनरल नर्सिंगच्या, म्हणजे जी. एन. एम.च्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास आपली आधीची दोन वर्षे व नऊ वर्षांचा अनुभव धरून निदान एक वर्ष तरी सुटेल, अशी तिची समजूत होती. तसे काही नाही, प्रवेशाला तू पात्र आहेस पण पहिल्या वर्षापासूनच बसावे लागेल, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मग सर, ते पहिलं शिक्षण काय कामाचं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. प्रस्तुत लेख हा ते देण्याचा प्रयत्न आहे.

आधी साधा हिशेब मांडू. ए. एन. एम.चा अभ्यासक्रम आज दोन वर्षांचा आहे. बारावीच्या कोणत्याही शाखेतून तेथे जाता येते, आणि म्हणूनच खेड्यातील कला शाखेच्या मुलीला या व्यवसायाचे एवढे एकच दार सहज उघडे असते. जी. एन. एम. तीन वर्षांचा. त्यानंतर पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बी. एस्सी.ची आणखी दोन वर्षे. म्हणजे तळापासून पायरी-पायरीने चढणारी मुलगी सात वर्षे शिकून ज्या पदवीपर्यंत पोहोचते, तेथे विज्ञान शाखेतून प्रवेश परीक्षा देऊन थेट गेलेली मुलगी चार वर्षांत पोहोचते. मधल्या काळात पोट भरण्यासाठी केलेल्या नोकरीची वर्षे मी धरलेलीच नाहीत. जिच्या घरी पैसा कमी तिला शिक्षण महाग, आणि जिच्याजवळ वेळ कमी तिला ते लांब, अशी ही व्यवस्था आहे. कागदावर तिला शिडी म्हणतात. पण प्रत्येक पायरीवर पाय ठेवण्याआधी पुन्हा जमिनीवर उतरावे लागते.

ही श्रेणी निर्माण झाली ती गरजेपोटी. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला तेव्हा देशात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका होती. एवढ्या मोठ्या देशाला पूर्ण शिकलेल्या परिचारिका पुरविणे तातडीने शक्य नव्हते, म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात कमी मुदतीच्या शिक्षणाची ही सहाय्यक परिचारिका आली. त्या काळी तो निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही. तिने बाळंतपणे केली, लसी टोचल्या, नदी-नाले ओलांडून वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. पुढे १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तिला 'बहुउद्देशीय' आरोग्य कार्यकर्ती केले. म्हणजे काम वाढविले, आणि १९७७ च्या सुमारास तिचे शिक्षण मात्र दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणले गेले. आणीबाणीच्या वर्षांत 'केसेस' गोळा करण्याचे जे ओझे खालच्या कर्मचाऱ्यांवर लादले गेले, त्यात हीच बाई सर्वांत खाली होती. गावकऱ्यांचा राग तिने सोसला आणि वरून वेतनवाढ रोखण्याच्या धमक्याही तिनेच सोसल्या. कुटुंबनियोजनाची सक्तीची उद्दिष्टे रीतसर मागे घ्यावयास १९९६ साल उजाडावे लागले. २०१२-१३ पासून अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला आणि प्रवेशाची अट दहावीवरून बारावीवर गेली. गंमत अशी की, प्रवेशाची पात्रता वाढली, मुदत वाढली, तरी त्या शिक्षणाचे पुढच्या शिक्षणातील मोल जे शून्य होते ते शून्यच राहिले.

आता नोकरीकडे वळू. शासकीय सेवेत ही स्त्री जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका असते. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, तेथे ती. सहा उपकेंद्रांवर देखरेखीला एक आरोग्य सहाय्यिका, हे तिचे पदोन्नतीचे पद; त्यासाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. महाराष्ट्रात ग्रामीण उपकेंद्रे साडेदहा हजारांच्या वर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे सुमारे अठराशे. म्हणजे प्रमाण जवळजवळ सहास एकच आहे. अर्थशास्त्राच्या शिक्षकाची खोड म्हणून मी एक गणित केले. तेविसाव्या वर्षी नोकरीला लागून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारी सेविका पस्तीस वर्षे सेवा करते. सात पदांत वरचे पद एकच. सर्वांना ज्येष्ठतेने, कोणतीही जागा रिक्त न ठेवता, अगदी न्यायाने पदोन्नती दिली असे मानले, तरी प्रत्येकीच्या वाट्याला वरचे पद पाच वर्षे येते. म्हणजे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिली आणि बहुधा शेवटची पदोन्नती! आणि हे सर्व आदर्श परिस्थितीत. प्रत्यक्षात जागा रिक्त राहतात, ज्येष्ठता याद्या वादात अडकतात, हे जिल्हा परिषदेत ज्यांचे जाणे-येणे आहे त्या कार्यकर्त्यांना मी सांगावयास नको.

यावर शासनाचे उत्तर तयार असते: आश्वासित प्रगती योजना आहे ना! दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते. ती मिळते हे मान्य, आणि कामगार चळवळीने ती मिळविली आहे, म्हणून तिला मी हिणवणार नाही. परंतु त्या योजनेत पगार वर जातो, माणूस तेथेच राहतो. वीस वर्षे ज्या बाईने पाच हजार लोकांच्या गावात गरोदर स्त्रियांची नाडी ओळखली, तिचे ज्ञान वापरावयाची कोणतीही सोय तीत नाही.

तिचे ज्ञान वापरण्याची एक संधी अलीकडेच आली होती. २०१८ पासून उपकेंद्रांचे 'आरोग्यवर्धिनी केंद्रां'त रूपांतर सुरू झाले. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद निर्माण झाले. त्याला पात्र कोण? आयुर्वेदाचे पदवीधर, बी. एस्सी. किंवा जनरल नर्सिंग झालेले उमेदवार. सहा महिन्यांचा समुदाय आरोग्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला की अधिकारी. त्या उपकेंद्रात आधीपासून असलेली सेविका मात्र अपात्र. तिला त्याच सहा महिन्यांच्या शिक्षणाला, हवी तर आणखी कडक परीक्षा घेऊन, बसू देता आले असते. तसे झाले नाही. आपल्या मुलाच्या वयाच्या अधिकाऱ्याला गावातील घरे दाखवीत ती फिरते. नव्याने आलेल्या तरुण अधिकाऱ्यांवर माझा राग नाही. तेही कंत्राटीच आहेत.

कंत्राटीकरणाविषयी वेगळे लिहावे लागेल. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि उपकेंद्रात दुसरी ए. एन. एम. आली, ती मानधनावर. नियमित सेविकेची मूळ वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २५,५०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडे वेगळे. कंत्राटी सेविकेसाठी अलीकडच्या वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेल्या जाहिरातींत १८,००० रुपयांचा एकरकमी आकडा असे. खोली एक, लशीची पेटी एक, टेबलाच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरी. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात हंगामी कर्मचाऱ्यांनाही समान कामास समान वेतनाचे तत्त्व लागू होते असे स्पष्टपणे सांगितले. तो निकाल लागल्यानंतरही टेबलाच्या दोन बाजू दोनच राहिल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय निघाला, आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला. निर्णय मिळविण्यासाठी एक संप आणि तो अमलात आणण्यासाठी दुसरा, ही आपल्या राज्यकारभाराची आता रीतच झाली आहे.

तथापि शासकीय नोकरीत निदान भांडावयास एक चौकट आहे. ए. एन. एम. झालेल्या असंख्य मुली ज्या खाजगी रुग्णालयांत जातात तेथे तीही नाही. माझ्याकडे आलेल्या मुलीने सांगितले की, तिच्या रात्रपाळीत ती एकटीच असते. सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा रक्तदाब पाहणे, डॉक्टरांना उठवावयाचे की नाही हे ठरविणे, सर्व तीच करते. कायद्याच्या दृष्टीने ती सहाय्यक आहे. रात्री अकरानंतर ती कोणाची सहाय्यक असते हे मला कळले नाही. पगाराच्या दिवशी मात्र ती सहाय्यक आहे याची मालकाला बरोबर आठवण होते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अपूर्ण अर्हतेचे प्रमाणपत्र म्हणजे मालकाला मिळालेली सवलत आहे: वरच्या श्रेणीचे काम खालच्या श्रेणीच्या दराने. ज्या तालुक्याच्या गावात रुग्णालये चारच आणि चारही डॉक्टर एकमेकांचे मित्र, तेथे श्रमाचा बाजार नावाची गोष्ट पुस्तकातच राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्याच निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेचे वेतन महिना २०,००० रुपयांहून कमी असू नये, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली. केरळात परिचारिकांनी २०१७ साली संप केला आणि २०१८ साली तेथील सरकारला किमान वेतन २०,००० रुपयांवर न्यावे लागले. आपल्याकडे ती मुलगी नऊ वर्षांनंतर बारा हजारांवर आहे.

येथे मला स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे. ते टाळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या संस्थेचे विद्यालय संस्थेच्याच रुग्णालयाला जोडलेले होते. मंडळावर माझ्याकडे हिशेब पाहण्याचे काम होते. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आले की, रुग्णालयातील रुग्णसंख्या वाढत असताना परिचारिकांच्या वेतनावरील खर्च कमी होत आहे. विचारले तेव्हा समजले की, दोन परिचारिका सोडून गेल्यावर त्यांच्या जागा भरलेल्याच नाहीत. विद्यार्थिनींना पाळ्या लावल्या आहेत. शिक्षणाच्या नावाखाली फी भरून त्या मुली रुग्णालयाचे काम करीत होत्या, आणि रात्रपाळी करून आलेली मुलगी सकाळच्या वर्गात झोपते म्हणून तिची तक्रार मंडळासमोर येत होती! मी एक टिपण लिहिले. मंडळाने ते 'वाचले व नोंद घेतली'. त्यापुढची चार वर्षे मी ताळेबंदावर सही करीत राहिलो. त्या मुलीच्या प्रश्नाने मला जे बोचले त्याचे कारण हेही आहे.

शिक्षण-श्रेयाची मागणी केली की परिचर्या शिक्षणातील जाणकार एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, ए. एन. एम. विद्यालयांचा दर्जा तुम्हीच सांगता तसा आहे. रुग्ण नसलेल्या रुग्णालयांना जोडलेली विद्यालये आहेत. प्रसविकेचे प्रमाणपत्र आहे पण पुरेशी बाळंतपणे हातून झालेली नाहीत अशा मुली बाहेर पडतात. अशा शिक्षणाची दोन वर्षे जनरल नर्सिंगमध्ये धरावयाची तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल. रुग्ण म्हणून मीही खाटेवर पडलो आहे, तेव्हा या भीतीची मला चेष्टा करवत नाही. परंतु या युक्तिवादातून निष्कर्ष कोणता निघतो? दर्जा नसलेल्या विद्यालयांची मान्यता काढावी, हा. विद्यार्थिनीचे ज्ञान तपासावे, हाही. रात्रपाळीत वीस रुग्ण तिच्या एकटीच्या हवाली करण्याइतकी ती शिकलेली आहे, पण वर्गात शरीररचनेच्या पहिल्या धड्यातून सूट देण्याइतकी नाही, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

अन्यत्र काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत आपल्या सहाय्यक परिचारिकेशी मिळतीजुळती 'व्होकेशनल नर्स' ही परवानाधारक श्रेणी आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने परिचर्या महाविद्यालयांवर असे बंधन घातले की, अशा परिचारिकेला पूर्ण परिचारिकेच्या परीक्षेस बसण्यासाठी तीस युनिटांहून अधिक जादा शिक्षणाची आवश्यकता नसेल असा एक मार्ग तिला उपलब्ध असलाच पाहिजे. तो मार्ग सर्वांना सोयीचा आहे असे नाही. त्या वाटेने गेलेल्या परिचारिकेला दुसऱ्या राज्यात अडचण येते. तरी तत्त्व मान्य झाले. ब्रिटनचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. तेथे १९४३ च्या कायद्याने दुय्यम परिचारिकांची श्रेणी आली, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती श्रेणी दर्जाच्या नावाने बंद करावयाचे ठरले, आणि २०१९ पासून 'नर्सिंग असोसिएट' या नावाने जवळजवळ तीच श्रेणी परत आली. रुग्णालयांच्या अंदाजपत्रकाला ती हवी असते, म्हणून ती परत येते. फरक इतकाच की, या वेळी तिला पूर्ण परिचारिका होण्यासाठी कमी मुदतीचा अभ्यासक्रम ठेवला आहे.

आणि आपल्या देशातही ही कल्पना परकी राहिलेली नाही. केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर केला. त्यात व्यवसाय-शिक्षणालाच नव्हे तर प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची तरतूद आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला; १९४७ च्या कायद्याने आलेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या जागी आयोग आणि राज्याराज्यांत राज्य आयोग, अशी त्याची रचना आहे. अभ्यासक्रम व पात्रता ठरविणे हे या नव्या यंत्रणेचे काम. तेव्हा एका हाताने 'अनुभवाला श्रेयांक' म्हणणारे सरकार दुसऱ्या हाताने ए. एन. एम.ची दोन वर्षे का पुसते, हे विचारावयाची वेळ नियम घडत असतानाच असते; नियम झाल्यानंतर मग न्यायालयाच्या पायऱ्या.

भाषेचाही एक प्रश्न आहे, आणि आपल्या वर्तुळात त्याची आठवण करून देणे अनाठायी होणार नाही. जनरल नर्सिंगसाठी बारावीला इंग्रजी विषय उत्तीर्ण असावा लागतो व पुढे शिकावयाचे ते इंग्रजीतून. औषधाची चिठ्ठी व रुग्णाचा तक्ता वाचता येण्यापुरते इंग्रजी परिचारिकेला आलेच पाहिजे, यात वाद नाही. परंतु जिला रुग्णाच्या आईशी मराठीत, आणि नंदुरबार किंवा गडचिरोलीत तेथल्या आदिवासी भाषेत बोलावयाचे आहे, तिने हृदयाची रचना इंग्रजीतच लिहून दाखविली पाहिजे, हा आग्रह कोणाच्या सोयीसाठी? नोकरी करता करता इंग्रजी शिकविण्याची व्यवस्था जिल्हा रुग्णालयातून का होऊ नये?

शंभर वर्षांपूर्वी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी स्त्रिया पाठविल्या तेव्हा, आणि त्यांत विधवा होत्या, समाजाने नाके मुरडली. रुग्णाचे मलमूत्र काढणारी बाई या दृष्टीने परिचारिकेकडे पाहणे आज वरवर कमी झाले आहे. पण आतून? डॉक्टरकीच्या शिक्षणाच्या एकेका जागेवर विधिमंडळात तासन्‌तास चर्चा होते. परिचारिकांच्या विद्यालयांवर झालेली चर्चा मला तरी चटकन आठवत नाही. ज्या घरांतून आज ए. एन. एम.च्या मुली येतात ती बहुतांशी दलित, आदिवासी, भूमिहीन, विडी-कामगार व लहान शेतकरी यांची घरे आहेत. त्यांना काही महिन्यांचे 'पेशंट केअर'चे अभ्यासक्रम विकणाऱ्या दुकानांचा तर मी येथे उल्लेखच केला नाही. ते प्रमाणपत्र घेतलेल्या मुलीची परिचर्या परिषदेत नोंदणीही होत नाही, हे तिला फी भरल्यावर कळते.

आपल्या कार्यकर्त्यांनी आरंभ कोठून करावा? माझी सूचना जिल्हा परिषदेपासून. प्रत्येक जिल्ह्यात आरोग्य सहाय्यिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, शेवटची पदोन्नती कोणत्या साली झाली, आणि पदोन्नतीपूर्व प्रशिक्षणाला गेल्या पाच वर्षांत किती सेविका पाठविल्या, एवढी चार उत्तरे माहितीच्या अधिकारात मागवावीत. सेवेतील ए. एन. एम.ना पगारी रजेवर जनरल नर्सिंगला पाठविण्यासाठी शासकीय विद्यालयांत राखीव जागा, परीक्षा घेऊन दुसऱ्या वर्षात प्रवेश, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदाला दहा वर्षे सेवा झालेल्या सेविकेची पात्रता, आणि खाजगी रुग्णालयांसाठी त्या २०,००० रुपयांच्या शिफारशीची अंमलबजावणी, या मागण्या परिचारिका संघटना, आशा व अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटना यांनी एकत्र मांडावयास हव्यात. जनरल नर्सिंग झालेल्या परिचारिकांच्या काही संघटनांना यात आपले स्थान डळमळण्याची भीती वाटते. त्यांच्याशी बोलले पाहिजे. स्वस्तात मिळणारी ए. एन. एम. जोवर रात्रपाळीला उपलब्ध आहे तोवर त्यांचेही वेतन वर जाणार नाही, एवढे त्यांना पटण्यासारखे आहे.

त्या मुलीने शेवटी प्रवेश घेतला. पहिल्या वर्षातच बसली आहे. रुग्णालयाने अनुभवाचा दाखला दिला नाही. नऊ वर्षांची हजेरी त्यांच्या नोंदवहीत सलग नसल्याचे कारण सांगितले. रविवारी आणि सुटीच्या दिवशी ती त्याच रुग्णालयात रात्रपाळी करते, दिवसाच्या रोजावर.